आधी रान विचारा, मग तिफण करा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आपल्या जिल्ह्यातली शिकलेली पोरं म्हणतात, ज्या घरच्या कर्त्या शेतकऱ्यानं आत्महत्या केली, त्या घरच्या बाईला मदत पोचवायला मोबाईलचं ॲप करू. पोरांच्या मनात खोट नाही. पण ॲप हेही एक अवजारच आहे. सुतार तिफण करायला घेतो तेव्हा आधी विचारतो, रान भारी की हलकं, पेरायचं काय? मगच फणांतलं अंतर ठरवतो.

अशाच कामाचं एका संस्थेचं ॲप आम्ही पाहिलं. पहिल्याच पानावर बाईच्या नावाचा सातबारा मागितला. नवरा गेला, जमीन सासऱ्याच्या नावावर. ती तिथंच अडली! पुढं आधार, पासबुकाचा फोटो, ओटीपी. घरात रेंज नाही, ओटीपी येणार कुठून? आणि पैसे देणाऱ्याला काय दाखवलं? तिचा रडका चेहरा. ही मदत म्हणायची की इज्जतीचा लिलाव?

आता दुसरी तऱ्हा ऐका. डेन्मार्कमध्ये हान्स यॉर्गन विबर्ग नावाचा फर्निचर बनवणारा कारागीर आहे. त्याला स्वतःलाच कमी दिसतं. अंध माणसं बारीकसारीक गोष्ट पाहून घ्यायला घरच्यांना व्हिडिओ कॉल करतात, हे त्याला ठाऊक झालं. पण रोज त्याच माणसाला किती त्रास द्यायचा? त्यातून २०१५ साली 'बी माय आइज' हे ॲप आलं. अंधानं कॉल लावायचा. त्याच्या भाषेच्या स्वयंसेवकांचे फोन वाजतात, जो आधी उचलेल तो पुडीवरची तारीख वाचून सांगतो. अर्ज नाही, दाखला नाही. काम दोन-चार मिनिटांचं, म्हणून मदत मागणाऱ्यांपेक्षा देणारेच कितीतरी पट झाले.

केनियात डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर दंगली उसळल्या. जानेवारी २००८ मध्ये तिथल्या मंडळींनी 'उशाहिदी' उभी केली. स्वाहिली भाषेत उशाहिदी म्हणजे साक्ष. कुठं काय घडलं ते लोकांनी कळवायचं, साध्या फोनवरच्या एसएमएसनंसुद्धा, आणि ते नकाशावर दिसायचं. महागडा फोन नाही म्हणून कुणाची साक्ष अडली नाही.

यातून आपण काय घ्यायचं?

एक, बाईला लिहावं लागू नये. मिस्ड कॉल दिला की आपला कार्यकर्ता उलट फोन करील, आपल्या बोलीत बोलेल.

दोन, रेंज नसताना भरलेली माहिती फोनमध्ये राहावी, रेंज आली की आपोआप जावी.

तीन, तिच्या परवानगीशिवाय नाव नाही, फोटो नाही.

चार, मुंबई-पुण्याहून शंभर रुपये देणाऱ्यालाही हिशेब दिसावा. बियाण्याला गेले की पोरीच्या फीला, ते त्याला कळावं. हिशेब दिसला तर तो पुढच्या हंगामालाही देईल.

म्हणून पोरांना आमचं सांगणं एवढंच. आधी दहा घरी जा, ओसरीवर बसा, ऐका. मग करा. आणि तयार झालेलं ॲप पुढाऱ्याच्या हस्ते उद्घाटनाला नेऊ नका, त्या बाईच्या हातात द्या. तिला चालवता आलं नाही, तर चूक तिची नाही, तिफणीची आहे. फण पुन्हा बसवा.