उधारीला आता मुदत आहे



गेल्या दिवाळीआधी आमच्या गटाने शहरातल्या एका व्यापाऱ्याला जवसाची आणि कारळाची चटणी दिली. बिल झालं 23,400 रुपयांचं. तो म्हणाला, "दिवाळी झाली की देतो." दिवाळी झाली. गटातल्या चौघी कोयता घेऊन कारखान्यावर गेल्या, पाडव्याच्या सुमाराला परत आल्या, आणि डोक्यावरचं गाठोडं उतरवायच्या आधी विचारलं, "ताई, चटणीचे पैसे आले का?" आले नव्हते. आपण उचल घेतली की मुकादम दारात येऊन बसतो. आपलं येणं असलं की आपण फोनसुद्धा दबकत करतो.

मग आम्ही चौकशीला लागलो, तेव्हा कळलं की कायदा आपल्या बाजूने आहे. लहान उद्योगांचा कायदा 2006 चा. लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यायचे. करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण 45 दिवसांच्या पुढे नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. पण व्याज मागायला जाणार कोण? पुढच्या ऑर्डरची भीती असतेच.

नवी गोष्ट आहे ती आयकराची. 1 एप्रिल 2024 पासून कलम 43 ब मध्ये भर पडली. समजा एखाद्या कंपनीने जानेवारीत आपला माल घेतला आणि मुदत उलटूनही 31 मार्चपर्यंत पैसे दिले नाहीत. तर त्या वर्षी तिला तो खर्च हिशेबात धरता येत नाही. तेवढी रक्कम नफ्यातच राहते आणि तिच्यावर कर बसतो. पैसे देईल त्या वर्षीच खर्च धरायचा. त्यामुळे आता आपण न विचारता कंपनीचा सीए विचारतो, यांचे पैसे दिले का? कोपऱ्यावरचा किराणावाला ठोक उत्पन्न दाखवून कर भरत असेल, तर त्याला याची झळ नाही. मोठ्या दुकानदाराला आणि कंपनीला आहे.

यासाठी गटाची उद्यम नोंदणी हवी. गटाचं पॅन कार्ड आधी काढा. नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. कोणी पाचशे मागितले तर उठून या. माल आपण स्वतः बनवलेला हवा. साड्या आणून विकणाऱ्या गटाला हे लागू होत नाही. आणि नोंदणी माल देण्याआधी करा. मागाहून केली तर जुन्या बिलासाठी भांडणं अवघड जातं. बिलावर उद्यम नंबर लिहा, माल मिळाल्याची सही तारखेसकट घ्या. तरीही पैसे अडले तर सुलभीकरण परिषदेकडे ऑनलाइन तक्रार करता येते. जिल्हा उद्योग केंद्रात विचारा.

नोंदणी करून आम्ही त्याच व्यापाऱ्याकडे गेलो. जुने पैसे त्याने कुरकुरत दिले, व्याज आम्ही सोडलं. नवं बिल बघून म्हणाला, "हा नंबर काढा, तरच माल घेतो." असं तुम्हालाही ऐकावं लागेल. रात्री गटाची बैठक झाली, दोघी म्हणाल्या काढून टाकू. शेवटी नंबर ठेवायचं ठरलं. त्याने निम्माच माल घेतला. उरलेली चटणी आम्ही आठवडी बाजारात बसून विकली. निम्म्या मालाचे पैसे मात्र तेराव्या दिवशी खात्यात आले.