बालशिक्षणाचे अंगण



१९४५ साली, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. ताराबाईंनी त्यापूर्वी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत माँटेसरी पद्धतीनुसार काम केले होते. ही पद्धती १९०७ साली रोममधील गरीब वस्तीतील मुलांसाठी जन्मास आली; पण तिची साधने महाग, त्यामुळे खेड्यातील मुलांना ती दुरापास्तच होती. बोर्डीला त्यावर उत्तर सापडले ते किनाऱ्यावर आणि झाडांखाली. शिंपले, खडे, बिया, पाने हीच तेथील शिक्षणसाधने झाली.

हा निव्वळ काटकसरीचा उपाय होता, असे मात्र समजू नये. चार वर्षांच्या मुलाला दहापर्यंत अंक पाठ असतात. तरी समोरचे चिंचोके मोजताना ते एक चिंचोका दोनदा मोजते, एखादा वगळते. एकेक चिंचोका उचलून वाटीत टाकू लागले, की बोट आणि शब्द यांची सांगड बसते. पाण्याचेही तसेच. रुंद पातेल्यातील पाणी उभ्या, अरुंद पेल्यात ओतले, की पाणी वाढले, असे लहान मूल ठामपणे सांगते. झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने हे बारकाईने नोंदविले आहे. मोठ्यांनी केवळ समजावून सांगितल्याने हे मत सहसा बदलत नाही. मुलाने स्वतः पाणी ओतावे, परत पातेल्यात घ्यावे, पुन्हा ओतावे. ते समजण्यास काही महिने, क्वचित वर्षेही लागतात. पाणी सांडणे ओघाने आलेच. जमीन कोरडी राहावी असा ज्यांचा आग्रह असेल, त्यांनी बालवाडी चालविण्याच्या फंदात पडू नये!

१९५७ मध्ये हे केंद्र डहाणू तालुक्यातील कोसबादच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले शाळेकडे फिरकत नसत. कोणाच्या कडेवर धाकटे भावंड, तर कोणाच्या स्वाधीन गुरे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आली. शिक्षिका पाड्यांवरील अंगणात जाऊन बसू लागल्या. गुराख्यांसाठी तर शाळाच कुरणात गेली, तिचे नाव कुरणशाळा. कळपातील एक गाय कमी आहे, हे नजरेने ओळखणाऱ्या मुलाला वजाबाकी शिकविण्याची सुरुवात गायीपासूनच व्हावी, यात नवल ते काय?

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. नाव देशभर पोहोचले. अंगण मात्र पुष्कळ ठिकाणी मागे राहिले. मुलाच्या हाती लवकर पाटी द्यावी, अशी पालकांची निकड असते, आणि ती समजण्याजोगी आहे. पाटीवर काढलेला ‘अ’ घरी दाखविता येतो. रंग आणि आकार पाहून वेगळ्या केलेल्या बिया दुपारी पुन्हा एकाच डब्यात जातात. त्यांची खूण कोठेच उरत नाही. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यासमोरही वह्याच ठेवल्या जातात. त्याने त्या जरूर पाहाव्यात. पण त्याआधी पंधरा मिनिटे सतरंजीच्या कडेला बसून, बियांचा तो डबा मुलांपुढे उघडावयास सांगावा.