ज्या देशाचं लायसन्स, त्याच देशाचा परवाना

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा लिखित पाठ)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि 'अमेरिकेतले अनुभव सांग' असं सुचवलं आहे. अमेरिकेतले अनुभव तुम्ही व्हॉट्सॲपवर भरपूर ऐकले आहेत. मी आज एका छोट्या, राखाडी रंगाच्या पुस्तिकेबद्दल बोलणार आहे. विषय रुक्ष वाटेल, पण तो निवडायला आज सकाळीच कारण मिळालं.

सकाळी मैदानात गाड्या लागत होत्या तेव्हा मी गेटजवळ उभा होतो. परदेशातून आलेले आपले चार जण स्वतः गाडी चालवत आले. एक रातोरात मुंबईहून, एक गोव्याच्या मोपा विमानतळावरून, आणि दोघे इथल्याच भावाची नाहीतर मेहुण्याची गाडी घेऊन. मी प्रत्येकाला विचारलं, "लायसन्स कुठलं आहे रे?" एकाने व्यवस्थित कागद काढून दाखवले. बाकीचे हसले. एक म्हणाला, "मेल्या, रत्नागिरीत कोण विचारतोय?" नावं सांगत नाही. २०१६ च्या मे महिन्यापर्यंत मीही हेच म्हणत होतो.

आधी माझी गोष्ट सांगतो, मग नियम सांगतो.

गाडी मी इथेच शिकलो. १९९१ साली आपल्या आरटीओचं लायसन्स मिळालं. १९९९ मध्ये नोकरीसाठी न्यू जर्सीला जायचं ठरलं तेव्हा कुणीतरी सांगितलं, 'इंटरनॅशनल लायसन्स' काढून ने. काढलं. त्यावर माझा फोटो, शिक्का, आणि आत तोच मजकूर वेगवेगळ्या भाषांत. मला वाटलं, आता जगभर गाडी चालवायला मोकळे झालो.

तिथे गेल्यावर ऑफिसमधल्या एका मराठी बाईंनी जमिनीवर आणलं. त्या म्हणाल्या, "हे लायसन्स नाही. हे तुमच्या लायसन्सचं भाषांतर आहे. पाहुणा म्हणून आलात तर चालेल. राहायला आलात तर इथलं लायसन्स काढा." अमेरिकेत हा नियम प्रत्येक राज्याचा वेगळा आहे. न्यू जर्सीत राहायला आल्यापासून ६० दिवस मिळतात, कॅलिफोर्नियात फक्त १०. मी परीक्षा दिली, न्यू जर्सीचं लायसन्स मिळालं. राखाडी पुस्तिका वर्षभराने संपली, ती मी कपाटात टाकली आणि विसरलो. रत्नागिरीचं लायसन्स मात्र पाकिटात ठेवलं. सुटीवर आलो की तेच खिशात घालून दादाची गाडी काढायची, असा वर्षानुवर्षांचा रिवाज.

त्या लायसन्सवर एक तारीख होती. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे ते वीस वर्षांसाठी होतं. म्हणजे २०११ मध्ये संपलं. अठराव्या वर्षी वीस वर्षं म्हणजे जन्मभर वाटतं. मी ती तारीख पुन्हा कधी वाचलीच नाही.

२०१६ च्या मे महिन्यात संगमेश्वरहून आत्याला आणायला निघालो. हातखंब्याला आपला रस्ता हायवेला मिळतो, तिथून डावीकडे निवळीच्या दिशेला वळायचं होतं. अमेरिकेत वाहनं उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे मोठ्या रस्त्याला लागताना पहिली गाडी डावीकडून येते. सतरा वर्षांत मानेला तीच सवय लागली होती. मी आधी डावीकडे पाहिलं, रस्ता मोकळा होता, गाडी पुढे घेतली. उजवीकडून, पालीच्या बाजूने मोटारसायकल येत होती.

मुलगा तेवीस वर्षांचा. मांडीचं हाड मोडलं. जीव वाचला, आज तो चालतो, कामाला जातो, हे आधीच सांगून टाकतो. चूक माझी होती, पूर्णपणे माझी. पण पुढे जे घडलं ते फक्त त्या चुकीमुळे घडलं नाही.

पोलीस आले, पंचनामा झाला, लायसन्स मागितलं. रत्नागिरीचं पाच वर्षांपूर्वी संपलेलं. न्यू जर्सीचं चालू होतं, पण त्याच्या जोडीला अमेरिकेत काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना नव्हता. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मी विनालायसन्स होतो. पंचवीस वर्षं गाडी चालवणारा माणूस, दोन देशांच्या परीक्षा पास झालेला, आणि विनालायसन्स!

गाडी दादाची, विमा दादाच्या नावावर. विम्याच्या पॉलिसीत एक अट असते की अपघाताच्या वेळी गाडी चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स हवं. ती अट मोडली होती. गाडीच्या दुरुस्तीचा दावा नामंजूर झाला, तो फार मोठा नव्हता. त्या मुलाने मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज केला, आणि तो त्याचा हक्कच होता. निकाल लागायला अडीच वर्षं गेली. अशा वेळी न्यायाधिकरण बहुधा जो आदेश देतं तोच इथे मिळाला: विमा कंपनीने जखमीला आधी पैसे द्यावेत आणि मग गाडीच्या मालकाकडून वसूल करावेत. जखमी माणूस ताटकळत राहू नये म्हणून ही पद्धत आहे, आणि ती योग्य आहे. पण मालक म्हणजे माझा दादा.

रक्कम व्याजासकट साडेचार लाखांच्या वर गेली. मी ती भरली, हे सांगायला नको. पण वसुलीची नोटीस दादाच्या नावावर आली. तारखांना कोर्टात दादा उभा राहिला. मी न्यू जर्सीत होतो. आंब्याच्या ऐन हंगामात, पेट्या भरायच्या सोडून, दादा कागदांची पिशवी घेऊन कोर्टात जायचा. आयुष्यात त्याच्यावर एक साधी तक्रार कधी झाली नव्हती. मला तो एका शब्दाने बोलला नाही. वहिनी एकदाच फोनवर म्हणाल्या, "भाऊजी, चावी देताना त्यांनी तुमचं लायसन्स मागायला हवं होतं का हो?" याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आज आहे. मागायला हवं होतं. आणि त्याच्यावर मागायची वेळ येऊ न देणं हे माझं काम होतं.

आता नियम.

पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम: ज्या देशाचं लायसन्स, त्याच देशाचा परवाना. तुम्ही कुठे राहता, पासपोर्ट कुठला, याला महत्त्व नाही. १९४९ च्या जिनिव्हा करारातून हा परवाना आला, भारत त्यात आहे. एक देश दुसऱ्याला सांगतो, 'या माणसाला आम्ही तपासलं आहे.' असं फक्त लायसन्स देणारा देशच सांगू शकतो. म्हणून भारतीय लायसन्सवर अमेरिकेत परवाना मिळत नाही, आणि अमेरिकेच्या लायसन्सवर आपलं आरटीओ देत नाही. आणि हा परवाना ज्या देशाने दिला त्या देशात चालत नाही, तिथे मूळ लायसन्सच लागतं. परवाना एकटा कुठेच चालत नाही, सोबत लायसन्स हवंच.

यातून आपल्यासारख्यांचे तीन गट पडतात.

पहिला गट, परदेशात राहून तिथलं लायसन्स काढलेले. सुटीवर येऊन इथे गाडी चालवायची असेल तर परवाना निघण्याआधी तिथेच काढा. अमेरिकेत 'एएए' ही वाहनचालकांची संस्था देते, लायसन्स आणि दोन फोटो लागतात. ब्रिटनमध्ये पूर्वी पोस्टात मिळायचा, २०२४ च्या एप्रिलपासून पेपॉइंटची सोय असलेल्या दुकानांत मिळतो. विमान मुंबईत उतरल्यावर आठवण झाली तर काही उपयोग नाही. माझं संपूर्ण प्रकरण त्या अर्ध्या तासाच्या कामाने टळलं असतं. अपघात टळला नसता, पण दादा कोर्टात उभा राहिला नसता.

दुसरा गट, भारतीय लायसन्सवर परदेशी गेलेले. यात आपली मुलं-मुली येतात, आणि मुलांकडे जाऊन तीन-चार महिने राहणारे आपणही येतो. आपला परवाना जास्तीत जास्त एक वर्षाचा असतो, आणि लायसन्स त्याआधी संपत असेल तर तेवढाच. फी १,००० रुपये. अर्ज परिवहनच्या सारथी पोर्टलवर करता येतो. आरटीओत फॉर्म ४-अ, लायसन्स आणि पासपोर्ट लागतो. पूर्वी व्हिसा आणि डॉक्टरांचा दाखलाही मागायचे. ७ जानेवारी २०२१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने या दोन्ही अटी काढल्या. काही देश विमानतळावर उतरल्यावर व्हिसा देतात, तो आधी कसा दाखवणार, हे सरकारच्याही लक्षात आलं.

त्याच अधिसूचनेने आणखी एक गोष्ट केली. पूर्वी परदेशात असताना परवाना संपला तर काही सोय नव्हती, भारतात परत येऊनच काढावा लागे. आता भारतीय नागरिकाने तिथल्या आपल्या दूतावासाच्या पोर्टलवरून अर्ज करायचा. तो अर्ज वाहन पोर्टलमार्फत त्याच्या मूळ आरटीओकडे येतो, आणि आरटीओ नवा परवाना कुरियरने परदेशातल्या पत्त्यावर पाठवतं. २०२२ पासून देशभर एकसारखा नमुना आहे आणि त्यावर मूळ लायसन्सशी जोडलेला क्यूआर कोड असतो. पण त्यासाठी आपलं लायसन्स जिवंत हवं. आता लायसन्स वीस वर्षांचं नसतं. तिशीच्या आत काढलं तर चाळिशीपर्यंत, त्यानंतर साधारण दहा वर्षं, आणि पंचावन्ननंतर पाचच वर्षं. संपण्याआधी एक वर्ष आणि नंतर एक वर्ष नूतनीकरण होतं. त्यानंतर पुन्हा चाचणी द्यावी लागते. मूल सुटीवर आलं की आंबे-फणसाबरोबर त्याच्या लायसन्सची तारीखही बघा.

तिसरा गट, आखातातले आपले मित्र. आपल्या मिरकरवाड्यातून, राजिवड्यातून कितीतरी घरांतली माणसं तिकडे आहेत. तिथे पाहुण्याला आंतरराष्ट्रीय परवाना चालतो, पण अमिरातीत एकदा रहिवासी व्हिसा लागला की तिथलं लायसन्स काढावं लागतं. नव्याने गेलेल्या भाच्या-पुतण्यांना हे नक्की सांगा. 'वर्षभराचा परवाना आहे ना' म्हणून गाडी चालवत राहतात आणि विम्याच्या वेळी माझ्यासारखे अडकतात. ब्रिटनमध्ये रहिवासी झाल्यावर आपलं लायसन्स १२ महिने चालतं, मग तिथल्या परीक्षा. जपानमध्ये १९४९ च्या करारातला परवाना उतरल्यापासून एक वर्ष. चीनच्या मुख्य भूमीवर तर हा परवाना मानतच नाहीत. देश बदलला की नियम बदलतो, म्हणून जाण्याआधी त्या देशाचं सरकार काय म्हणतं ते वाचा.

आणि इंटरनेटवर पाच-दहा वर्षांचं 'इंटरनॅशनल लायसन्स' घरपोच विकणारे भेटतात. घेऊ नका. ते पुस्तक छापील असतं, रुबाबदार असतं, आणि पोलिसापुढे किंवा विमा कंपनीपुढे त्याची किंमत शून्य असते.

इथे राहणाऱ्यांनाही एक सांगतो. गाडी तुमची, चालवणारा पाहुणा, तरी जबाबदारी तुमची. विनालायसन्स चालवणाऱ्याला आता ५,००० रुपये दंड आहे, आणि तशा माणसाला गाडी देणाऱ्या मालकालाही तेवढाच. विमा अडकला तर पुढची रक्कम त्याहून कितीतरी मोठी असते. सख्खा भाऊ असला तरी विचारा. त्यात संकोच कसला? पाहुण्याला आपण जेवणात काय चालतं, काय नाही हे विचारतोच ना?

परवाना लायसन्सचं भाषांतर करतो, सवयीचं करत नाही. म्हणून उजव्या बाजूने चालवणाऱ्या देशातून आलेल्यांनी पहिले दोन दिवस इथे गाडी चालवूच नये. बाजूला बसावं, रस्ता बघावा, मान उजवीकडे वळवायला शिकावं. मी आता तेच करतो.

या खेपेला आलो तेव्हा तिसऱ्या दिवशी दादाकडे चावी मागितली. तो चष्मा लावून ओटीवर बसला आणि म्हणाला, "पुस्तक आण." मी आणलं. त्याने पान उघडून तारीख वाचली, न्यू जर्सीच्या लायसन्सवरचं नाव जुळवून पाहिलं, आणि मग चावी दिली. आज मी त्याचीच गाडी घेऊन आलो आहे. ती पुस्तिका माझ्या खिशात आहे. जेवणानंतर ज्यांना बघायची असेल त्यांनी यावं. आणि सकाळी हसलेल्या मित्रांनी परत जाताना गाडी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्यावी, एवढी विनंती.