बीज कुणाचं, शेत कुणाचं?

(कार्यकर्त्यांच्या आरोग्य प्रशिक्षण शिबिरातील भाषणाचा मजकूर)



पुरुष म्हणजे बीज आणि बाई म्हणजे शेत, ही कल्पना आपल्याकडे शास्त्रग्रंथांपासून रोजच्या बोलण्यापर्यंत मुरलेली आहे. ज्याचं बीज त्याचं पीक, म्हणून मूल बापाच्या वंशाचं. आणि पीक मनासारखं आलं नाही, तर दोष मात्र जमिनीचा! मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवून दिलं की ही नुसती उपमा नाही. मुलांवरचा आणि मालमत्तेवरचा पुरुषांचा हक्क तिच्या आधाराने उभा राहतो. ही कल्पना आज आपण हातांनी तपासून पाहणार आहोत.

प्रत्येक गटाकडे कापडी फिती आणि चार रंगांचे पुठ्ठे आहेत. पुठ्ठ्यांना टिचबटणं शिवली आहेत. लाल आणि पिवळे पुठ्ठे लांब, त्यांना बटणाचा उंचवट्याचा भाग. हिरवे आणि निळे आखूड, त्यांना खाचेचा. लाल-हिरव्यांना दोन बटणं, पिवळ्या-निळ्यांना तीन. लाल म्हणजे ॲडेनिन, हिरवा थायमिन, पिवळा ग्वानिन, निळा सायटोसिन. डीएनएची सगळी लिपी या चार अक्षरांची.

एका फितीवर मनाला येतील तसे दहा पुठ्ठे टाचा. आता समोरची फीत तयार करा. लालसमोर निळा लावून पाहा. बटणं जुळत नाहीत. लालसमोर पिवळा? दोन्हीकडे उंचवटेच. म्हणजे जोड्या दोनच: लाल-हिरवा आणि पिवळा-निळा. प्रत्येक जोडीत एक लांब, एक आखूड, म्हणून शिडीची रुंदी सगळीकडे सारखी. एका फितीवर वर जाणारा बाण काढा, दुसरीवर खाली येणारा, कारण हे दोन धागे उलट दिशांनी धावतात. मग शिडीला साध्या स्क्रूला असतो तसा पीळ द्या. हा झाला डीएनए.

आता पीळ सोडवून एका टोकापासून बटणं उघडत जा. दोन्ही फिती सुट्या झाल्या की प्रत्येकीसमोर नवे पुठ्ठे लावा. कुणाला विचारावं लागलं का? नाही. जुनी फीतच सांगते, इथे कोण बसणार. एका शिडीच्या दोन हुबेहूब शिड्या झाल्या आणि प्रत्येकीत एक फीत जुनी, एक नवी. पेशी दुभंगण्याआधी असंच घडतं. मेसेल्सन आणि स्टाल यांनी १९५८ साली जिवाणूंवर प्रयोग करून हे दाखवलं.

वॉटसन आणि क्रिक यांनीही १९५३ साली केंब्रिजमध्ये पत्रे आणि सळ्या जोडूनच ही रचना उभी केली. पण त्यासाठी मोलाचा पुरावा होता रोझलिंड फ्रँकलिन या शास्त्रज्ञ बाईच्या क्ष-किरण कामाचा. तिच्या प्रयोगशाळेतलं छायाचित्र वॉटसनना तिच्या नकळत दाखवलं गेलं. १९५८ साली, वयाच्या ३७ व्या वर्षी ती वारली. १९६२ सालचं नोबेल तीन पुरुषांना मिळालं. बाईच्या श्रमावर दुसऱ्याचं नाव लागणं आपल्याला नवीन नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शिडीची एक फीत आईची आणि एक बापाची, असं मात्र समजू नका. आईकडून अख्ख्या शिड्या येतात आणि बापाकडूनही. मुलाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं, म्हणजे ४६ लांबलचक शिड्या असतात. त्यातल्या २३ आईच्या, २३ बापाच्या. शिवाय तंतुकणिकांमधला छोटासा डीएनए जवळजवळ नेहमी आईकडूनच येतो. मग बाई नुसतं शेत कशी?

मुलगा की मुलगी, हे ठरतं बापाकडून एक्स गुणसूत्र आलं की वाय यावर. आई एक्सच देते. म्हणून मुली झाल्या म्हणून सुनेला छळणं हे अज्ञानही आहे आणि अन्यायही. पण दोष बापाच्या माथी मारूनही भागणार नाही. कोणतं गुणसूत्र जावं, हे त्याच्याही हाती नसतं. आणि मुलगी होणं हा दोष आहे, हेच आपण मुळात नाकारतो.

दुसरं उदाहरण सिकलसेलचं. गडचिरोली-नंदुरबारकडे काम करणाऱ्यांना हा आजार माहीत आहे. हिमोग्लोबिनच्या सूचनेत एका ठिकाणी लाल-हिरव्याऐवजी हिरवा-लाल झाला, की आजाराचं बीज पडतं. अशी सूचना फक्त एकाकडून आली, तर मूल वाहक होतं. आई-बाप दोघंही वाहक असतील, तर दर बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. तरीही ‘हिनेच आजार आणला’ म्हणून तिलाच माहेरी धाडलं जातं. तपासणी दोघांची व्हायला हवी, हे वस्तीत सांगताना ही फीत सोबत न्या. सासूच्या, नवऱ्याच्या हातातही द्या. बटणं त्यांनाच लावू द्या.

एक लक्षात ठेवा. बाईचा हक्क डीएनएवर अवलंबून नाही. आईचा वाटा निम्मा निघाला नसता, तरी मारहाण चूकच ठरली असती. पण विज्ञानाच्या नावाने कुणी आपल्याला गप्प बसवू लागलं, तर त्याला उत्तर देण्याइतकं विज्ञान आपल्या हातात असलंच पाहिजे.