निवृत्त सैनिकाचें घर आणि त्याचा शेजार



सैनिक म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें रणांगण उभें राहतें. युद्ध चालू असतांना त्याच्या शौर्याच्या कथा घरोघर सांगितल्या जातात. युद्ध संपलें, त्याच्या अंगावरचा गणवेष उतरला, कीं तो आपल्या दृष्टीआड होतो. आज मी ज्याच्याविषयीं बोलणार आहें, तो हा दृष्टीआड झालेला सैनिक होय. तो सीमेवर नाहीं. तो बोरिवलीच्या एखाद्या इमारतींत तिसऱ्या मजल्यावर राहतो, घाटकोपरच्या चाळींत राहतो, किंवा मुलुंडला एखाद्या बँकेच्या दारांत रखवालदार म्हणून उभा असतो. त्याच्यासाठीं व त्याच्या कुटुंबासाठीं साहाय्याची जी व्यवस्था केलेली आहे ती कोणती, ती उपनगरांत कोठें अडते, आणि तिच्यांत आपणां शेजाऱ्यांचा वांटा किती, एवढेंच आजच्या भाषणांत सांगावयाचें आहे.

प्रथम एका गोष्टीचा उलगडा केला पाहिजे. ‘निवृत्त’ या शब्दानें आपल्याला पिकल्या केसांचा, नातवंडें खेळविणारा मनुष्य आठवतो. सैन्यांतील साधा शिपाई मात्र बहुधा पस्तिशी-चाळिशींतच निवृत्त होतो. सेनेला तरुण माणसें हवीं असतात, त्यामुळें त्यास इलाज नाहीं. त्या वयांत मुलें शाळेंत असतात, आईबाप थकलेले असतात, आणि स्वतःचें घर अजून व्हावयाचें असतें. पंधरा वर्षें सेवा पुरी झाली असेल तर त्याला पेन्शन मिळते. परंतु तेवढ्यावर उपनगरांतलें बिऱ्हाड चालत नाहीं, आणि ऐन उमेदीचीं वर्षें पलटणींत घालविलेल्या माणसाला नागरी जीवनांत पुन्हां उमेदवारीपासून आरंभ करावा लागतो.

सैनिकाच्या घराला मिळालेला आधार वायां जात नाहीं, याचें आपल्याच प्रांतांतलें एक उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोंकणांत दापोलीच्या छावणींत पेन्शनर सैनिकांची वस्ती होती. सुभेदार रामजी सकपाळ सैन्यांतून निवृत्त झाल्यावर प्रथम तेथें राहिले. पुढें पेन्शनीला जोड म्हणून त्यांनीं साताऱ्यास बांधकाम खात्यांत स्टोअरकीपरची नोकरी धरली, आणि शेवटीं ते मुंबईस येऊन परळच्या चाळींत राहिले. त्यांचा धाकटा मुलगा एल्फिन्स्टन हायस्कुलांत शिकला व १९०७ सालीं मॅट्रिकची परीक्षा उतरला. तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. एका सुभेदाराच्या पेन्शनीनें देशाला काय मिळवून दिलें, हें निराळें सांगावयास नको.

सैनिकांच्या कुटुंबांची काळजी वाहणाऱ्या संघटित संस्था आपल्याकडे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास उदयास आल्या. १९१७ सालीं मुंबईंत लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानें अपंग सैनिकांसाठीं एक शाळा निघाली. हात किंवा पाय गमावून परत आलेल्या शिपायाला पोटापुरता धंदा शिकवावा, हा तिचा हेतु. तीच शाळा पुढें खडकीस गेली आणि क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट या नांवानें प्रसिद्ध झाली. १९१९ सालीं सबंध देशासाठीं सैनिकांचें एक मंडळ स्थापन झालें. त्याचेंच आजचें रूप म्हणजे केंद्रीय सैनिक मंडळ. १९४९ सालापासून ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जातो. तांबडा, गडद निळा व फिका निळा अशा तीन रंगांचा लहानसा ध्वज छातीला लावावयाचा आणि डब्यांत यथाशक्ति पैसे टाकावयाचे, ही प्रथा आपल्या परिचयाची आहे. ते पैसे पुढें कोणाच्या घरीं पोंचतात, याची चौकशी मात्र आपण सहसा करीत नाहीं.

महाराष्ट्रांत हें काम सैनिक कल्याण विभागाकडे आहे. त्याचें मुख्य कार्यालय पुण्यास असून जिल्ह्यांतून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयें आहेत. कार्यालयाचा प्रमुख बहुधा सैन्यांतूनच निवृत्त झालेला अधिकारी असतो, आणि त्याच्या हाताखालीं कल्याण संघटक असतात. तेही माजी सैनिकच. माजी सैनिकांची नोंदणी करणें, ओळखपत्रें देणें, अर्ज तपासून पुढें धाडणें, विधवांच्या तक्रारी पेन्शन खात्यापर्यंत पोंचविणें, मुलांच्या वसतिगृहांची व्यवस्था पाहणें, हीं या कार्यालयांचीं नित्याचीं कामें होत.

मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा १९९० सालीं झाला. त्याचे तालुके तीन: अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. घाटकोपर व मुलुंड हीं कुर्ला तालुक्यांत मोडतात. या जिल्ह्याचा सेनादलांशीं निकटचा संबंध आहे. मालाडजवळ मार्व्यास नौदलाचें ‘हमला’ हें केंद्र आहे. कांदिवलीस लष्कराचें आणि घाटकोपरास नौदलाचें भांडार आहे. आणि मानखुर्दास तर सबंध देशांतील नौसैनिकांच्या नोकरीच्या नोंदी ठेवणारी कचेरी व नौदलाचें पेन्शन कार्यालय आहे. त्यामुळें केरळांतल्या एखाद्या नौसैनिकाच्या विधवेचा कागद मानखुर्दास येतो, आणि बोरिवलींत राहणाऱ्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या शिपायाचा कागद बेळगांवास असतो. मनुष्य एकीकडे आणि त्याचा कागद दुसरीकडे, अशी ही स्थिति आहे. या दोहोंची गांठ घालून देणें, हेंच माझ्या मतें जिल्हा कार्यालयाचें सर्वांत महत्त्वाचें काम होय.

आतां प्रत्यक्ष हक्क कोणते तें थोडक्यांत पाहूं. सैनिक साधारण कारणानें वारला तर त्याच्या पत्नीला शेवटच्या वेतनाच्या शेंकडा ३० इतकें कुटुंबवेतन मिळतें. ठराविक मुदतीपर्यंत तें अधिक दरानेंही मिळूं शकतें. मृत्यु लष्करी सेवेमुळें ओढवला असें ठरलें तर हेंच प्रमाण शेंकडा ६० होतें. आणि सैनिक शत्रूशीं लढतांना धारातीर्थीं पडला तर पूर्ण वेतनाइतकें कुटुंबवेतन मिळतें. माजी सैनिकांसाठीं १ एप्रिल २००३ पासून स्वतंत्र आरोग्य योजना चालू आहे. तिच्यांत पत्नी व अवलंबून असलेलीं माणसेंही येतात. पंधरा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच सेवेंतून बाहेर पडलेल्या, पेन्शन नसलेल्या व पांसष्ट वर्षांवरील गरीब माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना ध्वजदिन निधींतून दरमहा अनुदान मिळतें. तें ४,००० रुपये होतें; २०२५ सालच्या निर्णयानें तें ८,००० रुपये झालें. त्याच निर्णयानें हवालदार किंवा त्याखालील हुद्द्याच्या सैनिकांच्या मुलांचें शिक्षण-अनुदान १,००० रुपयांवरून २,००० रुपयांवर, आणि मुलींच्या विवाहाचें अनुदान ५०,००० रुपयांवरून एक लाखावर गेलें. धंदेशिक्षणासाठीं पंतप्रधान शिष्यवृत्ति निराळी आहे. २०१९ पासून तिचा दर मुलींना दरमहा ३,००० व मुलांना २,५०० रुपये असा ठरलेला आहे.

ही यादी ऐकून कोणासही वाटेल कीं, मग उणें काय राहिलें? उणें राहतें तें कागदाच्या आणि माणसाच्या मध्यें.

आपल्याकडे लग्नांत मुलीचें आडनांव तर बदलतेंच, पण पुष्कळ घरांत पाळण्यांतलें नांवही बदलतें. माहेरीं ती सुमन असते, सासरीं सुनंदा होते. शिपायानें पलटणींत लग्नाची नोंद करतांना एक नांव दिलेलें असतें, आधारपत्रावर दुसरें लागतें, आणि जन्मतारीखही दोन्हीकडे सारखी पडत नाहीं. नवरा हयात असेपर्यंत यांत कोणाचें कांहीं बिघडत नाहीं, कारण पेन्शन त्याच्या नांवावर येत असते. ज्या दिवशीं तो जातो त्या दिवशीं ही तफावत उघडी पडते, आणि सुमन व सुनंदा ही एकच बाई आहे हें सिद्ध करण्याचें ओझें, दुःखानें खचलेल्या त्या बाईच्याच डोक्यावर येतें. नवऱ्याच्या हयातींत त्याच्या एका अर्जानें व प्रतिज्ञापत्रानें जें झालें असतें, त्यासाठीं आतां महिनेच्या महिने खेपा घालाव्या लागतात. त्या अवधींत घरभाडें थांबत नाहीं आणि शाळेची फीही थांबत नाहीं.

अलीकडे लष्करी पेन्शन ‘स्पर्श’ नांवाच्या संगणक-व्यवस्थेमार्फत दिली जाते. पूर्वीं बँकेंतला कारकून ओळखीचा असे. अमुक कागद उणा आहे तो उद्यां घेऊन या, असें तो सांगे. संगणकाला नोंद जुळते किंवा जुळत नाहीं, एवढेंच कळतें. वर्षांतून एकदां हयातीची नोंद करावी लागते, आणि ती राहून गेली तर जिवंत माणसाचीही पेन्शन अडते. व्यवस्था नवी व वेगवान आहे, याबद्दल तक्रार नाहीं. परंतु सत्तरी उलटलेल्या, बोटांचे ठसे झिजलेल्या वृद्धेला तिच्यापर्यंत नेऊन पोंचविणारा मनुष्य पूर्वींपेक्षां आज अधिक हवा आहे.

खेड्यांत असा मनुष्य आपोआप मिळतो. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे या गांवाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. तेथें कोणाचा मुलगा कोणत्या पलटणींत आहे, कोणाची पेन्शन अडली आहे, हें पारावर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतें. शेजारच्या घरांत एखादा निवृत्त सुभेदार असतोच, आणि तो कागद कसा लिहावा हें सांगतो. तेंच कुटुंब मुलांच्या शिक्षणासाठीं किंवा नोकरीसाठीं अंधेरीस आलें कीं, त्याची ही ओळख पुसली जाते. दारावरच्या पाटीवर आडनांव असतें, पलटण नसते. कल्याण संघटकाला त्या घराचा पत्ता नसतो आणि त्या घराला कल्याण संघटकाचा.

यांत अंतराचीही भर पडते. पश्चिम व मध्य या दोन रेल्वेमार्गांवर हा जिल्हा विभागलेला आहे. घाटकोपर ते अंधेरी मेट्रो २०१४ सालीं झाली, हें खरें. तरी मुलुंडच्या किंवा दहिसरच्या वृद्ध माणसाला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास जावयाचें म्हणजे दोन गाड्या बदलून, जिने चढून-उतरून, अर्धा दिवस मोडावा लागतो. कार्यालय कोठेंही असलें तरी कोणाला तरी तें दूरच पडणार. म्हणून तिन्ही तालुक्यांत, ठरलेल्या वारीं, ठरलेल्या जागीं कल्याण संघटकानें येऊन बसावें, आणि अंथरुणाला खिळलेल्या पेन्शनराच्या घरीं त्यानें स्वतः जावें, ही मागणी अवाजवी म्हणतां येणार नाहीं. त्यासाठीं एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक माहितगार मनुष्य लागतो; नव्या इमारतीची गरज नाहीं.

या केंद्रांची गरज पुढील काळांत वाढणार आहे. २०२२ सालीं अग्निपथ योजना सुरू झाली. तींत भरती झालेला तरुण चार वर्षें सेवा करतो, आणि प्रत्येक तुकडींतील जास्तींत जास्त चतुर्थांश तरुणांना पुढें कायम ठेवावें, अशी ती योजना आखतांना तरतूद होती. बाकीच्यांना व्याजासह सुमारें ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधि द्यावयाचा. पेन्शन, माजी सैनिकाचा दर्जा, किंवा मघां सांगितलेली आरोग्य योजना त्यांच्या वांट्याला यावयाची नाहीं. योजनेचें बरेंवाईट सांगणें हा आजचा विषय नव्हे. पण पंचविशीच्या आंत गणवेष उतरवून घरीं आलेल्या या मुलांना कोणत्या कचेरींत जावें, कोणता धंदा शिकावा, हातांत आलेली रक्कम कशी राखावी, हें सांगणारें एखादें ठिकाण हवें. दापोलीच्या छावणींत तें काम पेन्शनर शेजारी करीत. येथें तें कोणीं करावयाचें, हा प्रश्न आहे.

सरकारी कार्यालयाला घरें शोधून काढण्याची शक्ति मर्यादित असते. शेजाऱ्याला ती स्वभावतःच असते. आपल्या इमारतींत, आपल्या गल्लींत एखादा माजी सैनिक राहत असेल तर त्याला तीन गोष्टी विचाराव्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत नांव नोंदविलें आहे काय? पेन्शनच्या आदेशावर पत्नीचें नांव व जन्मतारीख आधारपत्राप्रमाणें आहे काय? आणि ते सर्व कागद घरांत कोठें ठेवले आहेत, हें पत्नीला ठाऊक आहे काय? तिसरा प्रश्न विचारतांना थोडा संकोच वाटेल. पण लढाईवर जातांना मृत्यूचा विचार करण्याची संवय असलेल्या माणसाला हा प्रश्न लागणार नाहीं. उलट, कोणी विचारलें याचें त्याला बरेंच वाटेल.

गृहिणींना माझी विशेष विनंती आहे. एखाद्या घरांतला कर्ता सैनिक वारल्यावर आपण भेटावयास जातों, डोळे पुसतों आणि परत येतों. पंधरा दिवसांनीं पुन्हां एकदां जावें. त्या बाईबरोबर कचेरींत बसावें, अर्ज वाचून दाखवावा, कोठें सही करावयाची तें सांगावें. शिकलेल्या शेजारणीचा अर्धा दिवस जाईल. त्या अर्ध्या दिवसानें एखाद्या मुलाची शाळा सुटावयाची राहील.

येत्या ७ डिसेंबरला ध्वजाचा डबा आपल्या दाराशीं येईल तेव्हां त्यांत पैसे अवश्य टाकावे. त्याबरोबरच, आपल्या जिन्यावरच्या ज्या दारामागें असें एखादें घर असेल, तें दार आपण होऊन एकदां ठोठवावें.