पाण्याचा ताळेबंद

2024 च्या उन्हाळ्यात बंगळूरच्या हजारो कूपनलिका आटल्या, तेव्हा राजाजीनगरात राहणाऱ्या मला अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे स्मरण झाले. तेथे पाऊस मुळातच बेताचा. 1972 च्या दुष्काळानंतर तरुण मुंबई-पुण्याकडे जाऊ लागले. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे डोंगरउतारांवर समतल चर खणले गेले, शेतीसाठी कूपनलिका वर्ज्य ठरल्या. ग्रामसभा पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडते व त्यावरून पिके ठरविते. उसाला तेथे थारा नाही. परिणामी अनेक कुटुंबे गावी परतली. तरुण मनुष्य उपदेशाने थांबत नाही, पाण्याच्या भरवशाने थांबतो. ऋतू लहरी झाले असता हा भरवसा एकट्याच्या विहिरीत सापडत नाही. तो साऱ्या गावाने मिळूनच राखावा लागतो.