एकशें आठ वर्षांची वाट

दुसऱ्याच्या पराक्रमाचा आनंद आपल्याला कां व्हावा, हें कोडें मला पुष्कळ वर्षें सुटलें नव्हतें. खेळणारे खेळतात, जिंकणारे जिंकतात. मान त्यांना मिळतो, धनहि त्यांना मिळतें. पण ज्यानें त्या चेंडूला कधीं हातहि लावला नाहीं, त्यानें आनंदानें नाचत रस्त्यावर यावें, हें काय? मी शिक्षकी पेशांत असतांना, आवडता संघ हरला म्हणून बाकावर डोकें टेकून रडणाऱ्या एका मुलाला मीं वर्गासमोर उभें केलें होतें. "तुझें काय गेलें रे त्यांत?" असें मीं विचारलें. सारा वर्ग हंसला. मुलाला उत्तर देतां आलें नाहीं. त्याचें तें उत्तर मला फार उशीरां आणि फार दुरून मिळालें. तेंच आज आपल्याला सांगावयाचें आहे.

तारीख होती ३ नोव्हेंबर २०१६. भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. सकाळीं साडेदहाच्या सुमारास माझ्या भाच्याचा शिकागोहून फोन आला. तिकडे मध्यरात्र, एवढ्या अवेळीं फोन म्हणतांच पोटांत धस्स झालें. पण पलीकडून ऐकूं आलें तें एवढेंच: "मामा, जिंकलों!" मागें मोटारींचे कर्णे आणि माणसांच्या आरोळ्या. तिकडे अध्यक्षाची निवडणूक तोंडावर आली होती. मला वाटलें, तिचाच निकाल लागला! जिंकला तो 'शिकागो कब्स' हा बेसबॉलचा संघ, हें ध्यानांत यावयास पांच मिनिटें लागलीं.

बेसबॉल हा आपल्या क्रिकेटचा लांबचा भाऊबंद. प्रत्येक बाजूला नऊ खेळाडू आणि नऊ डाव. तीन गडी बाद झाले कीं पाळी संपली. बरोबरी झाल्यास निकाल लागेपर्यंत डाव वाढवीत न्यावयाचे. हंगामाच्या अखेरीस दोन संघांत 'वर्ल्ड सीरीज' होते. सातांपैकीं चार सामने जो जिंकील तो अजिंक्य. कब्सनीं हें पद शेवटचें मिळविलें तें १९०८ सालीं. म्हणजे लोकमान्यांना मंडालेची शिक्षा झाली त्या वर्षीं! त्यानंतर १९४५ सालीं ते अंतिम सामन्यांपर्यंत पोंचून हरले, आणि पुढें एकाहत्तर वर्षें तेथवरहि गेले नाहींत. त्या १९४५ सालीं एका गुत्तेवाल्याला त्याच्या बोकडासह क्रीडांगणांतून घालवून दिलें आणि त्याचा शाप बाधला, अशी आख्यायिका लोकांनीं समाधानासाठीं जोपासली. एर्नी बँक्स हा त्यांचा लाडका खेळाडू १९५३ पासून १९७१ पर्यंत याच संघांत राहिला, ५१२ वेळां त्यानें चेंडू सीमेपार धाडला. पण वर्ल्ड सीरीजचा एकहि सामना त्याच्या वांट्यास आला नाहीं. २०१५ च्या जानेवारींत तो वारला. विजय आला तो पावणेदोन वर्षांनीं.

आणि तो आला तरी कसा! क्लीव्हलंडच्या संघानें पहिल्या चारांपैकीं तीन सामने जिंकले होते. आणखी एक पराभव, कीं सारें संपलें. कब्सनीं पुढचे दोन्ही सामने जिंकले, आणि २ नोव्हेंबरला क्लीव्हलंड येथें सातवा सामना सुरू झाला. आठव्या डावांत कब्स ६-३ असे पुढें होते. क्लीव्हलंडचे दोन गडी बाद झालेले. तोंच एक धाव निघाली, आणि मागोमाग राजाय डेव्हिसनें चेंडू सीमेपार टोलवून ६-६ अशी बरोबरी केली. भाचा म्हणाला, "मामा, आमच्या साऱ्या इमारतींत कोणी हूं कीं चूं केलें नाहीं." नववा डावहि बरोबरींत सुटला, आणि पाऊस आला! सतरा मिनिटें खेळ थांबला. तेवढ्या वेळांत जेसन हेवर्डनें आपल्या सोबत्यांना एका खोलींत गोळा करून धीर दिला. दहाव्या डावांत बेन झोब्रिस्टच्या टोल्यानें कब्स पुढें गेले. एकंदर दोन धावा झाल्या. क्लीव्हलंडनें एक फेडली. मग शेवटचा चेंडू क्रिस ब्रायंटकडे आला. फेकतांना त्याचा पाय किंचित् घसरला, तरी चेहऱ्यावर हंसूं होतें. चेंडू अँथनी रिझोच्या हातीं पडला, आणि ८-७ असा निकाल लागला. एकशें आठ वर्षें संपलीं. बेसबॉलच्या चेंडूला दुहेरी टांके असतात तेहि एकशें आठ. आपल्या जपमाळेचे मणीहि तितकेच!

पण मला उत्तर मिळालें तें त्यानंतरच्या गोष्टींत. कब्सचें क्रीडांगण, रिग्ली फील्ड, १९१४ सालचें आहे. त्याच्या विटांच्या भिंतींवर लोक खडूनें नांवें लिहूं लागले. तीं खेळाडूंचीं नव्हेत, तर आपापल्या घरांतल्या गेलेल्या माणसांचीं. हा दिवस पाहावयाचा राहून गेलेले आजोबा, आई, भाऊ. माझ्या भाच्याची वृद्ध शेजारीण खडू घेऊन गेली आणि वडिलांच्या नांवाखालीं तिनें लिहिलें, "बाबा, आपण जिंकलों." एक मुलगा तर शेंकडों मैल मोटार हांकीत वडिलांच्या थडग्यापाशीं गेला आणि तेथें बसून सातवा सामना त्यानें रेडिओवर ऐकला, तसें त्यानें वडिलांना वचन दिलें होतें.

श्रोतेहो, हें ऐकलें आणि मी खडू हातांत धरून आयुष्य काढलेला मनुष्य खजील झालों. एखाद्या घरांत बाप मुलाला शेत देतो, एखाद्या घरांत नुसती एक आशा देतो. मुलगा ती सांभाळतो, आणि आपल्या मुलाच्या हातीं देतो. ती फळाला येते तेव्हां जो आनंद होतो तो जिंकल्याचा नसतो. कोणाची तरी ठेव सुखरूप पोंचविल्याचा असतो. म्हणूनच तो एकट्यानें भोगवत नाहीं. सांगावयास माणूस उरलें नसेल तर भिंतीला सांगावा लागतो. आणि हेंहि विसरूं नये कीं, त्याच रात्रीं क्लीव्हलंडमध्यें १९४८ पासून वाट पाहणारीं घरें दिवे मालवून निजलीं. तींहि अशीच कोणाची तरी ठेव संभाळीत होतीं.

वर्गांत रडणारा तो मुलगा आतां प्रौढ झाला असेल. तो सामना त्यानें कोणाच्या शेजारीं बसून ऐकला होता, हें विचारावयाचें त्या दिवशीं मला सुचलें नाहीं. आपल्या घरांत कोणी असा हिरमुसला होऊन बसला, तर "तुझें काय गेलें?" असें आपण विचारूं नका. "हा खेळ तुला पाहावयास कोणीं शिकविलें?" असें विचारा, आणि त्याच्याजवळ थोडा वेळ बसा.